‘विजोड’ कोण? ख्रिस्ती विवाहविचार आणि ‘स्मृतिचित्रे’चे वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्यातील निर्मळ विनोद, बोलीचा सहजपणा, टिळकांसारख्या लहरी कवीशी झालेल्या संसाराचे निःसंकोच चित्रण, या गुणांची नोंद जवळजवळ प्रत्येक अभ्यासकाने घेतली आहे. परंतु १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी तो घेतला, या दोन घटनांमधील पाच वर्षांकडे समीक्षा बहुधा एक ‘वियोगपर्व’ म्हणून पाहते. वियोग संपतो, मीलन होते आणि कथा पुढे सरकते, असा हा वाचनक्रम आहे. वस्तुतः या पाच वर्षांत जे घडले ते ख्रिस्ती विवाहविचारातील एका अत्यंत जुन्या आणि अवघड प्रश्नाचे प्रत्यक्ष आचरण होते. भिन्नधर्मीय जोडीदाराविषयी ख्रिस्ती परंपरा काय म्हणते, हे ध्यानात न घेता हा भाग वाचला की त्यातील अर्धा अर्थ हातून निसटतो.

या परंपरेत प्रश्न एक नसून दोन आहेत, आणि चर्चेतील बराचसा गोंधळ ते एक मानल्यामुळे होतो. आधीच झालेल्या विवाहात पती किंवा पत्नी ख्रिस्ती झाली तर काय करावे, हा पहिला प्रश्न. ख्रिस्ती व्यक्तीने अख्रिस्ती व्यक्तीशी नव्याने विवाह करावा काय, हा दुसरा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल पहिल्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये. तो आपण होऊन निघून गेला तर मात्र विश्वासी व्यक्ती बांधलेली नाही. हे सांगताना ही प्रभूची आज्ञा नसून आपले मत आहे, असेही तो प्रामाणिकपणे नमूद करतो. दुसऱ्या प्रश्नासंबंधी त्याच अध्यायाच्या शेवटी, विधवेने पुनर्विवाह करावयाचा तर तो प्रभूमध्ये करावा, एवढेच संक्षिप्त मार्गदर्शन आहे.

तरीही व्याख्यानपीठावरून आधार दिला जातो तो बहुधा दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायाचा. तेथील मूळ ग्रीक शब्दात वेगवेगळ्या जातीची जनावरे एका जुवाला जुंपण्याची कल्पना आहे. बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नये, या अनुवादातील निर्बंधाची तीत छाया आहे. संदर्भ पाहिला तर हे वचन केवळ विवाहाविषयी नाही; मूर्तिपूजकांशी येणाऱ्या एकूण संबंधांविषयी ते आहे. मराठी भाषांतरात येथे ‘विजोड’ हा शब्द रूढ झाला आणि जू अदृश्य झाले. ज्या भाषेत बैलजोडी, जू, जुंपणे हे शब्द रोजच्या व्यवहारात होते तिने नेमकी तीच प्रतिमा गाळावी, हा योगायोग नवलाचा खरा. परिणाम मात्र दूरगामी झाला. ‘विजोड’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात लग्नच येते. वय, कुल, रूप यांची विषमता येते. ‘शारदा’ नाटकाच्या पिढीने विजोड विवाहाचा जो अर्थ मनात घोळवला तोच पौलाच्या वचनालाही चिकटला, आणि एका व्यापक उपदेशाला विवाहनियमाचे रूप आले.

पौलाच्या पहिल्या उत्तरातील एक कल्पना मराठी अभ्यासकाने विशेष थांबून पाहावी अशी आहे. विश्वासी जोडीदारामुळे अविश्वासी जोडीदार पवित्र होतो, आणि त्यांची मुलेही पवित्र ठरतात, असे तो म्हणतो. सोवळ्याओवळ्याच्या व्यवस्थेत स्पर्शाने पसरतो तो विटाळ. पावित्र्य स्पर्शाने नष्ट होते, ते कधी दुसऱ्यात संक्रमित होत नाही. पौलाने ही दिशाच उलटी केली. ‘स्मृतिचित्रे’चा आरंभ वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याने होतो, हे येथे आठवावे. त्या घरात वाढलेली मुलगी पतीच्या धर्मांतरानंतर ज्या पेचात सापडते तो ईश्वरविषयक मतांचा पेच फारसा नाही. तो पाण्याचा, चुलीचा आणि पंक्तीचा आहे. अहमदनगरला पतीजवळ आल्यानंतरही त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक लगेच सोडला नाही, आणि टिळकांनी ते चालू दिले. बाप्तिस्म्याच्या आधीच त्यांचा जातिभेदावरील विश्वास ढळला, त्या इतरांच्या हातचे पाणी पिऊ लागल्या. म्हणजे तत्त्वज्ञानाच्या आधी घडा बदलला. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात लिहिणाऱ्या तेर्तुलियनाने मूर्तिपूजकाशी लग्न करू नये म्हणून पत्नीला जी कारणे सांगितली तीही अशीच घरगुती होती: उपवासाच्या दिवशी नवरा मेजवानी मांडील, रात्रीच्या प्रार्थनासभेला जाऊ देणार नाही. त्याला जी अशक्य वाटली ती तडजोड टिळकांच्या घरात, उलट्या बाजूने का होईना, काही काळ प्रत्यक्षात नांदली. ईश्वरशास्त्रज्ञांपेक्षा आत्मचरित्रकारांना स्वयंपाकघराचे महत्त्व अधिक चांगले कळते, असे म्हणावयास हरकत नाही.

याच्या शेजारी १८६६ चा धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा ठेवून पाहावा. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा जोडीदार त्या कारणाने सहा महिने एकत्र राहण्यास नकार देत असेल तर न्यायालयात अर्ज करता येई. न्यायाधीश त्या जोडीदाराची चौकशी करी, एक वर्ष विचारासाठी देई आणि नकार कायम राहिला तर विवाह संपुष्टात आणी. पौलाच्या ‘निघून गेला तर’ या अपवादाचे हे विधिरूप होय. मात्र रूपांतर होताना एक गोष्ट बदलली. पौलाच्या वचनात निघून जाणारा अविश्वासी आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात घर, गाव, आप्त सोडून मिशनच्या आवारात जात असे तो धर्मांतरित पती. पत्नी जेथे होती तेथेच राही. तरी कायद्याच्या भाषेत त्याग करणारी ठरे ती तीच. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत कोणी कोणाला सोडले, हा प्रश्न समीक्षेने विचारलेला दिसत नाही. ‘स्मृतिचित्रे’त मात्र तो वारंवार डोके वर काढतो. कायद्याची वाट टिळकांसमोर होती. ते त्या वाटेने गेले नाहीत. हे केवळ पत्नीप्रेम होते असे म्हणणे अपुरे आहे. पौलाच्या अपवादापेक्षा त्याचा मुख्य उपदेश त्यांनी मान्य केला, असा त्याचा अर्थ लावणे अधिक न्याय्य ठरेल. अर्थात या निष्ठेची किंमत प्रामुख्याने लक्ष्मीबाईंनी मोजली, हेही त्याच ग्रंथातून दिसते, आणि टिळकांचे चरित्र गौरवपर भाषेत लिहिणाऱ्यांनी ते सौम्य करू नये.

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीने हा प्रश्न चतुराईने टाळला आहे. यमुना आणि विनायक दोघेही मनाने ख्रिस्ती धर्माकडे झुकलेले असल्याने दांपत्यात मतभेद उरतच नाही; विरोध आहे तो घराबाहेरच्या समाजाचा. वैधव्याच्या रूढीवर प्रहार करण्यासाठी ही रचना सोयीची होती, परंतु एका छताखालच्या दोन श्रद्धा तीत बसत नव्हत्या. कादंबरीला जे जमले नाही ते सुमारे पाऊण शतकाने एका आत्मकथनाने केले.

दुसऱ्या प्रश्नाची, म्हणजे नव्या विवाहाची, गोष्ट वेगळी आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विरा येथील धर्मसभेने, ख्रिस्ती मुलींची संख्या अधिक आहे एवढ्या कारणावरून त्या मूर्तिपूजकांना देऊ नयेत, असा नियम केला. म्हणजे अल्पसंख्य समाजाची स्थळांची अडचण तेव्हापासूनच नियमाच्या पोटात आहे. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधीनुसार भिन्नधर्मीय विवाहास विशेष परवानगी लागे आणि सर्व अपत्ये कॅथलिक वाढविण्याची हमी दोन्ही पक्षांना द्यावी लागे. १९७० च्या सुधारणेनंतर आणि १९८३ च्या संहितेत हे वचन केवळ कॅथलिक पक्षाकडून घेतले जाते. दुसऱ्या पक्षाला त्याची कल्पना देणे पुरे असते. परवानगीची अट कायम आहे. शासकीय कायदा तर पूर्वीपासूनच याहून सैल होता: १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात वधूवरांपैकी एक ख्रिस्ती असणे पुरे होते. गंमत अशी की त्याच वर्षीच्या विशेष विवाह कायद्याने लग्न करू इच्छिणाऱ्यांना आपण ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान इत्यादी नाही असे जाहीर करावे लागे. आपापला धर्म राखून नोंदणी विवाह करण्याची मुभा सर्वांना मिळाली ती १९५४ च्या कायद्याने.

इतके असूनही मराठी ख्रिस्ती साहित्यात या दुसऱ्या प्रश्नाला फारसे स्थान मिळाले नाही. १८४२ पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदया’च्या परंपरेत धर्मांतरिताच्या घराची व्यथा मुबलक आहे, चर्चमध्ये जन्मलेल्या आणि चर्चबाहेर मन गुंतलेल्या मुलाची वा मुलीची व्यथा मात्र क्वचित भेटते. याचे कारण केवळ श्रद्धेत शोधू नये. धर्मांतरानंतरही पूर्वीची जात लग्नाच्या वेळी विचारली जाते, हे मराठी ख्रिस्ती समाजातील जाणत्यांनी स्वतःच मांडलेले दुखणे आहे. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या दोन घराण्यांत सोयरीक होत नाही, तेव्हा नकाराला ‘विजोड’ हे पौलाचे वचन लावता येत नाही. आणि तरीही परधर्मीय जावयाला किंवा सुनेला नकार देताना तेच वचन तत्परतेने पुढे केले जाते. पहिल्या पत्रातील पवित्र होण्याची कल्पना त्या प्रसंगी कोणी काढत नाही. पदव्युत्तर वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना १८९५ ते १९०० चा भाग सातव्या अध्यायाशेजारी ठेवून वाचला, तर कोणते वचन कोण, केव्हा आणि कोणासाठी उच्चारतो हे विद्यार्थ्यांना तपासता येईल. त्यासाठी वर्गात बायबलची मराठी प्रत असणे तेवढे आवश्यक आहे, आणि बहुतेक विभागीय ग्रंथालयांत ती ‘धर्म’ या कपाटात, साहित्याच्या दालनापासून दूर ठेवलेली असते.