जमिनीच्या नांवावर गोळा झालेला पैसा

पी. ए. सी. एल. कंपनीचें प्रकरण आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं नीट समजून घ्यावें, कारण त्यांत बुडालेला पैसा सट्टेबाजांचा नव्हे, हप्त्याहप्त्यानें बाजूस टाकलेला घामाचा पैसा होता. शेतजमिनीची विक्री व सुधारणा या नांवाखालीं कंपनीनें तो गोळा केला. रोखे बाजारावर देखरेख ठेवणारें 'सेबी' मंडळ, ज्यास १९९२ सालीं कायद्यानें अधिकार मिळाले, त्यानें २२ ऑगस्ट २०१४ रोजीं हा पैसा परत करण्याचा हुकूम काढला. त्या हुकुमांत रक्कम ४९,१०० कोटी रुपये व पैसे भरणारे ५ कोटी ८५ लाख असा आंकडा आहे. पैकीं ४ कोटी ६३ लाखांस जमीन नेमून द्यावयाची बाकीच होती! गट नंबर नाहीं, चतुःसीमा नाहीं, कबजा नाहीं. मग विकलें तें काय?

कंपनी म्हणे, आम्ही जमीन विकतों, सेबीचा येथें संबंध काय? पण १९९९ च्या दुरुस्तीनें आलेलें कलम नांव पाहत नाहीं, व्यवहार पाहतें. अनेकांचा पैसा एकत्र केला, तो नफ्याच्या किंवा मालमत्तेच्या आशेनें दिला गेला, कारभार दुसऱ्यानें चालविला, आणि देणाऱ्याच्या हातीं रोजचा कारभार राहिला नाहीं, कीं ती सामूहिक गुंतवणूक योजना झाली. तिला सेबीची नोंदणी पाहिजे. बटाईनें दिलेल्या शेताच्या बांधावर मालक निदान उभा तरी राहतो. येथें बांधच कोणी पाहिला नव्हता.

कायदा असा स्पष्ट असतां एवढा पैसा सांचला कसा? राजस्थान उच्च न्यायालयानें २००३ सालीं कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. सेबीनें अपील केलें. सर्वोच्च न्यायालयानें चौकशीचा मार्ग मोकळा केला तो २०१३ च्या फेब्रुवारींत. मधलीं नऊ वर्षें वकील भांडत होते आणि खेड्यापाड्यांत हप्ते चालूच होते. आमच्या मतें खरा घात येथें झाला. पुढें २०१६ सालीं माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली गेली. जमिनी विकून पैसे परत करावयाचे, असें ठरलें. समितीनें लहान रकमांपासून आरंभ केला, हें योग्यच.

कायदा नंतर कडक झाला, हें आम्ही नाकारीत नाहीं. २०१४ सालीं शंभर कोटींहून मोठ्या बेनोंदणी योजना सेबीच्या कक्षेंत आल्या. २०१९ च्या कायद्यानें बेनोंदणी ठेव योजना चालविणें व त्यांची जाहिरात करणें हा गुन्हा ठरला. परंतु आमचें मागणें याहून साधें आहे. योजना कायदेशीर कीं बेकायदेशीर हा वाद कोर्टांत असेल, तोंवर नवा पैसा घेण्यास मनाई असावी, व घेतलेला पैसा कोर्टाच्या ताब्यांत राहावा. आणि सेबीचे इंग्रजी हुकूम मुंबईच्या कचेरींत न राहतां त्यांचा मराठी गोषवारा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा.