क्रूस कुणी वाहायचा?

मी मरोळच्या ईस्ट इंडियन कॅथलिक घरातली. रविवारची मिस्सा, ऑक्टोबरातली रोझरी यांत वाढले, आजही देवळात जाते. चळवळीतल्या मैत्रिणी विचारतात, "बाईला दुय्यम मानणारा धर्म तू सोडत का नाहीस?"

का सोडू? देऊळ जितकं पाद्र्यांचं, तितकंच माझं. भांडायचं आहे ते श्रद्धेच्या नावाने शिकवल्या जाणाऱ्या सोशिकपणाशी. अंधेरी-बोरिवलीत काम करताना मार खाणाऱ्या ख्रिस्ती बायका भेटतात. घरचे त्यांना सांगतात, "प्रत्येकाला आपला क्रूस असतो." येशू क्रूसावर गेला तो अन्यायापुढे वाकला नाही म्हणून. नवऱ्याची मारहाण हा गुन्हा आहे. तिला क्रूस म्हणणं हा येशूचाच अपमान!

कायद्यानेही हेच केलं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसत्या छळावर सुटका नव्हती. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद घटनाविरोधी ठरवला, २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. म्हणून देवळं ओस पडली का?

पुनरुत्थानाची पहिली साक्ष दिली मग्दालिया मरियेने. तरी मिस्सेतलं प्रवचन आजही बाईला करता येत नाही.

मैत्रिणींनो, सुरुवात इथून करू या : देवळात जिथे लग्नाच्या घोषणा लागतात, तिथेच कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याची माहिती लागली पाहिजे. फादरांकडे एकटीने नको, दहाजणी मिळून मागायला जाऊ.