इंग्रजीत शपथ झाली, पुढे काय?

नवा खासदार दिल्लीला गेला की आपल्याकडे पहिले आठ दिवस एकच विषय चघळला जातो. शपथ कुठल्या भाषेत घेतली, फेटा बांधला होता का, शेवटी घोषणा कुठली दिली. अठराव्या लोकसभेचा शपथविधी २४ आणि २५ जून २०२४ ला झाला, तेव्हाही हेच. त्यात महाराष्ट्रात गाजले ते नगरचे नीलेश लंके. प्रचारात सुजय विखे पाटलांनी त्यांना इंग्रजीवरून डिवचलं होतं. लंके अठ्ठावीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले आणि त्यांनी चक्क इंग्रजीत शपथ घेतली. वर शेवटी 'रामकृष्ण हरी'. झालं! क्लिप फिरली, 'कसं तोंड बंद केलं बघा' म्हणून टाळ्या पडल्या.

मला त्या टाळ्या पटत नाहीत. लंक्यांवर राग नाही, टोमणा खाल्लेल्या माणसाला ती हौस असणारच. पण बाकीच्यांनी जरा विचार करायला हवा होता. शपथेचा मजकूर राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात छापील दिलेला आहे, बघून वाचायचा. ती वाचून दाखवली म्हणजे इंग्रजी येतं हे सिद्ध होत नाही, आणि नाही वाचली तर काही बिघडत नाही. मुळात 'खासदाराला इंग्रजी आलं पाहिजे' ही परीक्षाच चुकीची होती. परीक्षा चुकीची आहे हे ठणकावून सांगायचं सोडून आपण आपला उमेदवार पास झाला म्हणून पेढे वाटले!

घटनेचं १२० वं कलम सांगतं की ज्याला हिंदी किंवा इंग्रजीत नीट मांडता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. लोकसभेत मराठीतून भाषांतराची सोय आहे. म्हणजे भाषा हा अडसर नाहीच. मग खरा अडसर कुठे आहे? तो बघायचा असेल तर शपथेनंतरचे दिवस बघा.

५४३ पैकी साधारण २८० जण त्या वेळी पहिल्यांदाच लोकसभेत आले होते. निम्म्याहून जास्त! आमच्या धंद्यात निम्मी टीम एका दिवशी बदलली तर मॅनेजर रजेवरून परत येईल. इथे काय झालं? दोन दिवस शपथा. २६ तारखेला अध्यक्षांची निवड, तीही आवाजी मतदानाने. २७ ला राष्ट्रपतींचं अभिभाषण. २ जुलैला लोकसभेचं अधिवेशन संपलं. सगळ्या मिळून सात बैठका. ज्या स्थायी समित्यांत खरं बारकाईचं काम चालतं त्या बनल्या सप्टेंबरच्या शेवटी. नव्या माणसाला तोवर कळतं ते इतकंच की प्रश्न विचारायचा तर साधारण पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची, मग सोडत निघणार, आणि दिवसाला तोंडी उत्तराच्या यादीत फक्त वीस प्रश्न. त्यातले पहिले पाच-सहा झाले की तासच संपतो.

बरं, हे सगळं शिकता येतं. हुशार माणूस वर्षभरात शिकतोही. पण पहिल्याच अधिवेशनात त्याच्या हातात आणखी एक कागद पडतो, त्याचं नाव व्हिप. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. आयाराम-गयारामांना चाप बसावा हा हेतू चांगलाच होता. पण कायदा असा लिहिला की सरकार पडणार असेल तेव्हाच नाही, तर कुठल्याही विधेयकावर पक्षाचा आदेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते. सुप्रीम कोर्टाने १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात हा कायदा वैध ठरवताना म्हटलं होतं की असा आदेश विश्वासदर्शक ठराव किंवा पक्षाच्या मूळ धोरणापुरताच असावा. ऐकतो कोण? परिणाम असा, की नगरचा असो, नांदेडचा असो, लाखो मतं घेऊन गेलेला माणूस बटण दाबायच्या वेळी पक्षाचा शिक्का होतो. त्याला इंग्रजी येतं की मराठी याने काय फरक पडणार?

आमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक. तुमचा-माझा फोन नंबर, पत्ता, आजारपणाची माहिती कोणी कशी वापरायची याचा हा कायदा. २०१९ चा आधीचा मसुदा संयुक्त समितीत दोन वर्षं घासूनपुसून निघाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने तो मागेच घेतला. नवं विधेयक ३ ऑगस्ट २०२३ ला मांडलं, ७ ला लोकसभेत आवाजी मतदानाने मंजूर, ९ ला राज्यसभेतही. नवा मजकूर समितीकडे गेलाच नाही. आम्ही एका फॉर्मचं बटण हलवलं तरी दोघांकडून रिव्ह्यू करून घेतो हो! आणि आवाजी मतदान म्हणजे 'होय'चा गलबला मोठा की 'नाही'चा. तुमच्या खासदाराने काय केलं याची नोंदच नाही. सभागृहातल्या सदस्यानेच मतविभाजन मागितलं तर नोंद होते. ते मागणारे किती?

आता तुम्ही म्हणाल, आम्ही खासदारांचं मूल्यमापन करतो की. हजेरी किती, प्रश्न किती, वर्तमानपत्रात दरवर्षी यादी येते. ती यादी म्हणजे प्रोग्रामरला लिहिलेल्या ओळींवरून पगारवाढ देण्यासारखं आहे. ओळी वाढतात, प्रोग्राम सुधारत नाही. आकडा मोजला की माणूस आकडा वाढवतो. उत्तर मिळाल्यावर त्याने त्याचा पाठपुरावा काय केला, हे त्या यादीत कुठे असतं?

आणि 'आमच्या गल्लीतल्या गटारीचं काय?' हा प्रश्न खासदाराला विचारणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. त्याच्याकडे वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो हे खरं. पण गटार नगरपालिकेचं काम. खासदाराचं काम कायदे तपासणं आणि सरकारला हिशेब विचारणं. आपण त्याला लग्नाला, बारशाला, दहाव्याला बोलावणार आणि मग म्हणणार की हा संसदेत काही बोलत नाही!

जुनी माणसं आठवा. मधू लिमये पुण्याचे, पण १९६४ च्या पोटनिवडणुकीत बिहारमधल्या मुंगेरहून लोकसभेत गेले आणि तिथे बहुतेक हिंदीतच बोलले. सरकार त्यांना बिचकायचं ते त्यांना नियमावली तोंडपाठ होती म्हणून. बॅरिस्टर नाथ पै यांचं इंग्रजी फर्डं होतं. पण गोलकनाथ निकालानंतर १९६७ मध्ये विरोधी बाकावरून त्यांनी घटनादुरुस्तीचं खाजगी विधेयक आणलं, ते संयुक्त समितीपर्यंत गेलं. त्या विधेयकाला वजन होतं ते विषयाच्या अभ्यासाचं. ते मंजूर झालं नाही, पण पुढे १९७१ मध्ये सरकारलाच २४ वी घटनादुरुस्ती त्याच वाटेने करावी लागली. (स्वातंत्र्यानंतर आजवर खाजगी विधेयकांचे कायदे झाले फक्त १४, शेवटचा १९७० मध्ये. इतकी ती वाट आता बुजली आहे.)

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तुमचा खासदार कुठल्याही पक्षाचा असो, तो गावात आला की त्याच्या शपथेचं कौतुक पुरे करा आणि तीन प्रश्न विचारा. तुम्ही कुठल्या समितीत आहात आणि तिच्या किती बैठकांना गेलात? (समितीच्या अहवालाला इतिवृत्त जोडलेलं असतं, त्यात हजर सदस्यांची नावं असतात, तेव्हा थाप पचणार नाही.) गेल्या अधिवेशनात कुठल्या विधेयकाला दुरुस्ती सुचवली? आणि व्हिप फक्त सरकार पडण्याच्या वेळेपुरता ठेवावा, याला तुमचा पाठिंबा आहे की नाही, हो किंवा नाही?

पहिल्या वेळी तो हसेल, दुसऱ्या वेळी चिडेल. तिसऱ्या वेळी मात्र अभ्यास करून येईल, कारण निवडून यायचं असतं. हे प्रश्न मराठीतच विचारा, उत्तरही मराठीत घ्या. इंग्रजीची सक्ती नाही :)