संप मिटला, बुडालेल्या पाठांचे काय?

जुनी निवृत्तिवेतन योजना पुन्हा लागू व्हावी, या मागणीसाठी महाराष्ट्रातील शासकीय व निमशासकीय कर्मचारी १४ मार्च २०२३ रोजी बेमुदत संपावर गेले. असंख्य शिक्षकही त्यात सहभागी झाले. २० मार्च रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर संप मागे घेण्यात आला. दहावी-बारावीच्या परीक्षा त्याच काळात सुरू असल्याने सर्वांची चिंता परीक्षांपुरतीच राहिली. खालच्या वर्गांच्या बुडालेल्या पाठांचा हिशेब फारसा कोणी मागितला नाही.

शिक्षकांची मागणी अवाजवी म्हणून झटकून टाकणे न्यायाचे नव्हे. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाकारले गेले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात संप हे कामगारांचे रास्त, परंतु टोकाचे साधन मानले आणि समाजाच्या अत्यावश्यक सेवा खंडित होऊ नयेत, असेही बजावले. म्हणूनच संपानंतरची भरपाई हा त्या न्यायाचाच उरलेला भाग ठरतो.

शेगाव परिसरात ही भरपाई अधिक कठीण आहे. विदर्भातील उन्हाळ्यात मार्चमध्ये गेलेले दिवस एप्रिल-मेमध्ये भरून काढणे सोपे नसते. त्याआधी कोरोनाकाळात शाळा बंद होत्या. पुढे २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळलेल्या एसटी संपाने खेड्यांतून शहरातील शाळेत येणाऱ्या मुलांची वाटच अडवली. एकाच मुलाच्या वाट्याला अशी तिहेरी खंडितता आली.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस ठरवले आहेत. रविवारी वर्ग भरवून हा आकडा गाठता येतो. पण राहिलेला अभ्यासक्रम घाईने उरकला, तर मागे पडलेले मूल मागेच राहते. २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानातील बाधित भागात शाळा सरासरी १४ आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी तेथील मुले सुमारे दीड वर्षाच्या अभ्यासाइतकी मागे असल्याचे संशोधकांना आढळले. भूकंप आणि संप यांची बरोबरी होत नाही. पण शाळा उघडल्याने तूट आपोआप भरत नाही, हा धडा दोहोंना लागू आहे. त्याच पाहणीत, ज्यांच्या आईने प्राथमिक शिक्षण पूर्ण केले होते, ती मुले या घसरणीतून बचावल्याचे दिसले. घरचा आधार एवढा मोलाचा!

म्हणून पहिले काम म्हणजे कोणते मूल कोठे अडले, हे तपासणे. ‘प्रथम’ संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी वाचन-गणिताच्या पातळीनुसार गटांत शिकवण्याची पद्धत रूढ केली. २०२१ मध्ये राज्यानेही ४५ दिवसांचा सेतू अभ्यास राबवला. छोट्या संपानंतर एवढा पसारा नको. ज्यावर पुढचे धडे उभे राहतात, तो भागाकार, ते अपूर्णांक आणि ते वाचन आधी पक्के करावे.

येथे धर्मग्रामही हातभार लावू शकतो. निवृत्त शिक्षक व महाविद्यालयीन तरुण यांनी मुख्याध्यापकांशी बोलून महिनाभर रोज सायंकाळी एक तास दिला, तर सभागृह अभ्यासिका होईल. ज्यांच्या घरी शिकवणारे कोणी नाही, अशा जिल्हा परिषद शाळेतील मुलांना, मग ती कोणत्याही धर्माची असोत, तेथे पहिली जागा मिळावी.

संपात मुले कोणत्याच बाजूला नव्हती. त्यांचे देणे फेडण्याची जबाबदारी मात्र सर्वांची आहे.