डबा भरा, पण मुलांना डोंगरावर जाऊ द्या



"नववीतला मुलगा मोबाइल सोडत नाही," ही तक्रार प्रत्येक भिशीत ऐकू येते. पण तोच मुलगा ट्रेकला जातो म्हणाला की आपणच आडव्या येतो. रात्रीचं जेवण, कंदमुळं, पाणी... कारणं तयारच!

स्पष्ट सांगते, इथे धर्म आड येत नाही, आपला आळस येतो. सम्मेद शिखरजीची वंदना २७ किलोमीटरची, अनेक जण ती अनवाणी करतात. मांगीतुंगी, गजपंथा, कुंभोजचा बाहुबली, सगळे डोंगरच. मग डोंगर चढणं आपल्याला परकं कसं?

पहाटे निघून सूर्यास्ताआधी परतता येईल असा गड निवडा. दशम्या, खाकरे, गाळलेलं पाणी सोबत द्या. चातुर्मासात हिरवळ तुडवायची नसेल तर कार्तिक पौर्णिमेनंतर पाठवा. चढणं आवडत नसेल तर पक्षीनिरीक्षण आहे. पाठशाळेत पाठ केलेली जीवदया तिथे डोळ्यांना दिसते. आणि मुलीलाही तोच डबा द्या.

हिशेब मांडा. डब्याला लागतो एक तास. तो वाचवायला आपण मुलांचा अख्खा रविवार मोबाइलच्या हवाली करतो. इतका तोट्याचा व्यवहार आपल्या घरात दुसऱ्या कुठल्या बाबतीत चालला असता का?