शुश्रूषेची निवड आणि शुश्रूषेचा हक्क

रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाची शुश्रूषा कोणी करावयाची, हा प्रश्न आपण आजवर सार्वजनिक प्रश्न मानलेलाच नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा, आणि घरातही माजघरातला प्रश्न राहिला. अलीकडे मोठ्या शहरांतून या प्रश्नाला बाजारपेठ लाभली आहे. परिचारिका, आया, व्यायामोपचार करणारा तज्ज्ञ, भाड्याचा पलंग, ऑक्सिजनची टाकी असे सर्व काही घरपोच मिळू लागले असून, आपल्या प्रिय माणसासाठी योग्य सेवा निवडा, असे आवाहन जाहिरातींतून केले जाते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यात वावगे वाटणार नाही. परंतु हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे एका अंगाला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे विदर्भ आहे व दुसऱ्या अंगाला तेलंगणाची सीमा फार दूर नाही, तेथे 'निवडा' या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

वस्तुस्थिती अशी आहे. ज्याला जुनी माणसे अजूनही वाढोणा म्हणतात त्या हिमायतनगरात, किंवा सरसम-कामारीसारख्या त्याच्या परिसरातल्या गावात, एखाद्या कष्टकऱ्याला लकवा मारला, तर त्याला भोकरवरून नांदेडला न्यावे लागते. तेथे जीव वाचतो. उपचाराच्या खर्चाचीही काही सोय आहे. आज महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड जिल्हा होता. पुढे तिचे नाव बदलले, आणि २०२३ साली विम्याची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णयही झाला. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेत सामावून घेतले. या योजनांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्या सर्वांचा आधार रुग्णालयातील खाट हा आहे. माणूस खाटेवर आहे तोवर सरकार त्याच्या पाठीशी आहे. तो बैलगाडीतून वा जीपमधून घरी परतला, की काही दिवसांची औषधे व तपासणी एवढेच नाते उरते, आणि पुढची महिन्यांची, कधी वर्षांची शुश्रूषा कोणत्याच योजनेच्या हिशेबात राहत नाही.

खाट लवकर रिकामी करावी लागते, याचा दोष डॉक्टरांवर टाकून भागणार नाही. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबरच्या दरम्यान चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. साऱ्या देशाचे लक्ष तेव्हा विष्णुपुरीकडे गेले आणि उच्च न्यायालयानेही आपण होऊन त्याची दखल घेतली. आसपासच्या तालुक्यांचा आणि शेजारच्या जिल्ह्यांचाही भार ज्या एका रुग्णालयावर पडतो, ते धोक्यातून बाहेर आलेल्या माणसाला किती दिवस ठेवून घेणार? त्याला घरी जावेच लागते. म्हणजे घर हाच पुढचा वॉर्ड होतो. फरक इतकाच, की या वॉर्डात परिचारिका नेमलेली नसते.

नेमलेली नसते म्हणजे काम होत नाही असे मात्र नाही. ते सून करते, मुलगी करते, बायको करते. तिला कोणी विचारलेले नसते. तिने रोजंदारीवर जाणे सोडावयाचे, सोयाबीनच्या काढणीला वा कापूस वेचणीला मुकावयाचे, वेळ पडल्यास मुलीने शाळा सोडावयाची, हे सारे गृहीत धरलेले असते. मुलगे हैदराबादला वा पुण्याला कामाला गेलेले असतात. शहरातले कुटुंब सेवा निवडते, आणि खेड्यातल्या घरात एक स्त्री निवडली जाते. तिच्या श्रमाचा मोबदला शून्य, तिला दिलेले शिक्षणही शून्य. लकवा मारलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, एरवी कंबरेला व टाचांना जखमा होऊन त्या हाडापर्यंत जातात. त्याची गिळण्याची शक्ती क्षीण झालेली असू शकते, म्हणून आडव्या अवस्थेत पाणी पाजले तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. पहिल्या काही महिन्यांत हातापायांना व्यायाम मिळाला तर पुष्कळशी हालचाल परत येते व ते दिवस वाया गेले तर सांधे आखडतात. या गोष्टी तिला कोणी बसवून सांगितलेल्या नसतात. परिणामी रुग्णालयाने वाचवलेला माणूस घरात पाठीच्या जखमांनी जातो, आणि त्याच्या मृत्यूची नोंद 'वार्धक्य' अशी होते.

ज्यांना निवड करणे शक्य आहे अशी कुटुंबे आता तालुक्याच्या गावीही आहेत. नोकरदार मुलगा नांदेड-लातुरातील एखाद्या ब्यूरोशी बोलून आईसाठी बाई ठेवतो. अशांसाठी काही गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट अशी, की परिचारिका आणि आया यांत भेद आहे व तो दडवूनच अनेकदा धंदा केला जातो. एएनएमचे शिक्षण दोन वर्षांचे, जीएनएमचे तीन, पदवीचे चार. आणि त्या प्रत्येकीची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असावी लागते. पांढरा कोट ही नोंदणी नव्हे. प्रमाणपत्र मागून पाहण्यात कोणाचाही अपमान नाही. लघवीची वा नाकातील नळी बदलणे, इंजेक्शन देणे ही कामे शिकलेल्या परिचारिकेचीच. आंघोळ, भरविणे, कूस बदलणे, चालविणे ही कामे चांगली सरावलेली आया उत्तम करते. तेव्हा घरी निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे: यांतील कोणती कामे लागणार, किती दिवस लागणार, आणि कोणते लक्षण दिसताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावयाची. परिचारिकेची गरज नसताना तिचे पैसे भरणे हे नुकसान आहे. गरज असताना आयेवर भागविणे हा धोका आहे.

दुसरी गोष्ट कामाच्या तासांची. 'चोवीस तासांची बाई' हा शब्द आपण सहज उच्चारतो. ती झोपते केव्हा, जेवते कोठे, आठवड्यातून तिला सुट्टी कधी, ती आजारी पडली तर बदली कोण येणार, हे आधी ठरले नसेल तर रात्री तीन वाजता कूस बदलली जाणार नाही, हे उघड आहे. ब्यूरोला आपण देतो त्यांतले तिच्या हाती किती पडतात, हेही विचारावे. घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी महाराष्ट्राने २००८ साली कायदा करून मंडळ निर्माण केले, परंतु आजाऱ्याची सेवा करणाऱ्या या स्त्रिया अजूनही ना परिचारिकांत मोजल्या जातात, ना धड कामगारांत. खाजगी शुश्रूषालयांच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे, त्याचे नियम २०२१ साली सुधारले गेले. पण तो रुग्णांना ठेवून घेणाऱ्या जागेचा कायदा आहे. आपल्या घरात कोणी कोणाला कोणत्या पात्रतेवर पाठविले, हे तपासणारी यंत्रणा त्यातून उभी राहत नाही. म्हणूनच तपासण्याचे ओझे आज कुटुंबावर आहे.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. 'शुश्रूषा' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. ज्याची सेवा करावयाची त्याला कोणी काही विचारते काय? हिमायतनगरच्या परिसरात मराठीबरोबर उर्दू आहे, तेलुगू आहे, तांड्यांवर गोरमाटी आहे. निजामी राजवटीत उर्दूतून शिकलेली काही वृद्ध माणसे अजून हयात आहेत. ज्या बाईला त्यांचे बोलणे कळत नाही तिच्या हाती त्यांना देणे म्हणजे त्यांना मुके करणे होय. स्त्री रुग्णाला स्त्रीच सेविका हवी असेल तर ती मागणी लहरीपणाची मानू नये. मात्र 'आपल्यातलीच बाई पाठवा' ही जी मागणी अनेक घरांतून निघते, ती वेगळ्या जातीची आहे. मलमूत्र उचलण्यास दलित स्त्री चालते, पण पाणी देण्यास चालत नाही. मुसलमान परिचारिकेने सुई टोचलेली चालते, पण तिने भरविलेला घास चालत नाही. असे वागणाऱ्या घराने सेवेच्या दर्जाविषयी तक्रार करू नये. प्लेगाच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता १८९७ साली सावित्रीबाई फुले यांनी प्राण ठेवला. त्यांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात शुश्रूषेला शिवाशिव चिकटलेली राहावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

शुश्रूषा हे केवढे कसबाचे काम आहे, याचा दाखला मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी घालून दिला आहे. १९७३ साली आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांच्यावर अमानुष हल्ला झाल्यापासून १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, पिढ्यांमागून पिढ्यांच्या परिचारिकांनी त्यांना जपले. इतका काळ अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर जखम होऊ दिली नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. यामागे माया होती, हे निर्विवाद. पण शिक्षण होते, पाळ्या होत्या, पगार होता आणि एकमेकींची साथ होती. एकट्या सुनेकडून मायेच्या नावाखाली तेच काम यांपैकी एकाही गोष्टीवाचून व्हावे, अशी आपली अपेक्षा असते.

यावर उपाय काय? गृहशुश्रूषेचा इतिहास यावर प्रकाश टाकतो. इंग्लंडात लिव्हरपूलचे धनिक व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी मरणासन्न पत्नीसाठी मेरी रॉबिन्सन ही परिचारिका घरी ठेवली होती. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांच्या मनात आले, की पैसा असून आपल्या घरी एवढे दुःख, तर गरिबाच्या घरी काय असेल? १८५९ साली त्यांनी त्याच परिचारिकेला शहरातील गरिबांच्या घरोघरी जाण्याच्या कामावर नेमले, आणि पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने त्यांतून विभागवार परिचारिकांची व्यवस्था उभी राहिली. एका श्रीमंताने केलेली खाजगी निवड अशा रीतीने सार्वजनिक सेवेचा पाया ठरली. आपल्याच देशात केरळने हे करून दाखविले आहे. १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल व डॉ. सुरेशकुमार यांनी वेदनाशमनाचे केंद्र काढले. त्यातून गावोगावी स्वयंसेवकांची जाळी विणली गेली. २००८ साली राज्याने त्याचे धोरण केले, आणि ग्रामपंचायतीच्या निधीतून परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागली.

केरळ वेगळे, मराठवाडा वेगळा, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही गडचिरोलीची आठवण देतो. डॉ. अभय व राणी बंग यांनी एकोणचाळीस खेड्यांत गावच्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघरी सेवा सुरू केली. बालमृत्यूंचे ते प्रमाण बासष्ट टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून हीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. आज हिमायतनगर तालुक्यातही बाळ जन्मले, की बेचाळीस दिवसांत ठरलेल्या दिवशी आशा ताई सहा-सात वेळा घरी येते, बाळाचे वजन घेते, आईला शिकविते. म्हणजे घरी जाऊन सेवा देणे सरकारला अशक्य नाही. नव्या जिवासाठी ते जाते. मग ज्याने साठ वर्षे राबून हा मुलूख पोसला, त्याच्या खाटेपाशी जाण्याचे वेळापत्रक का नसावे? वस्तुतः २०१८ पासून उपकेंद्रांचे जे रूपांतर झाले व ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, त्यांच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची सेवा व वेदनाशमन यांचा उल्लेख आहेच. तेव्हा मागणी नव्या योजनेची नाही, लिहिलेले पाळण्याची आहे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक उपकेंद्राने आपल्या गावांतील अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करावी. रुग्णालयाने घरी पाठविताना त्याची सूचना त्या उपकेंद्राला द्यावी, आणि घरच्या माणसांना, त्यांत पुरुषांनाही, कूस बदलण्यापासून भरविण्यापर्यंतचे काम प्रत्यक्ष शिकवूनच निरोप द्यावा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला परिचारिकेची भेट ठरलेली असावी. नगरपंचायतीने व ग्रामपंचायतींनी पलंग, हवेच्या गाद्या व चाकाच्या खुर्च्या यांचा साठा करून त्या विनामूल्य वापरावयास द्याव्यात. एकाचे काम संपले की दुसऱ्याला. ज्यांना रोजगार सोडून शुश्रूषा करावी लागते त्या गरीब स्त्रियांना निर्वाहभत्ता मिळावा. आणि हे सारे काम आशांच्या माथी फुकटात मारले जाऊ नये. मानधनासाठी त्यांना २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या जानेवारीत संपावर जावे लागले होते. नवे काम द्यावयाचे तर नवी पदे व पुरे वेतन द्यावे लागेल.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न अपेक्षित आहे. पाच लाखांच्या शस्त्रक्रियेला पैसा आहे आणि त्या शस्त्रक्रियेने वाचलेल्या माणसाची पाठ सडू नये म्हणून आठवड्याला एका परिचारिकेच्या फेरीला पैसा नाही, हा हिशेब आम्हांस समजत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढील लोकसंख्या एक कोटीच्या वर गेलेली होती. ती आता वाढलेलीच असणार. हा भार बाजारावर सोडला, तर ज्यांच्यापाशी पैसा आहे ते सेवा निवडतील, आणि बाकीच्या घरांत पूर्वीसारखीच एक स्त्री निमूटपणे उभी केली जाईल. येत्या ग्रामसभांत आणि नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात हा विषय निघाला पाहिजे. हिमायतनगरच्या कार्यकर्त्यांनी त्याची सुरुवात आपल्या गल्लीतील खाटा मोजण्यापासून करावी.