दोघांत मिळून एक ‘पा’

शेजारची जुळी परवा दोन वर्षांची झाली. दोघंही मुलगे. त्यांचं जेवण बघण्यासारखं असतं. एक वाटी मऊ वरणभात, एक चमचा आणि दोन उघडी तोंडं. आजी चिऊचा घास एकाला भरवते आणि काऊचा दुसऱ्याला. घास तोंडात गेला न गेला तोच तिची नजर पुढच्या तोंडाकडे वळलेली असते, कारण तिथे आरडाओरडा सुरू झालेला असतो. पाणी हवं झालं की चार मिनिटांनी थोरला असलेला ‘दादा’ माठाकडे बोट करून ‘पा’ म्हणतो. लगेच दोन पेले येतात. धाकट्याने काय म्हणून जीभ शिणवावी?

दोघांचे मिळून शब्द मोजले तर दहा-बारा भरतील, त्यातले बहुतेक दादाचे. आईने चिंता बोलून दाखवली की आजीचं उत्तर तयार: ‘जुळी उशिराच बोलतात गं. त्यात मुलगे.’ पाठोपाठ वेखंड उगाळून चाटवण्याचा सल्ला.

आजीचं म्हणणं साफ खोटं असतं तर बरं झालं असतं, खोडून तरी काढता आलं असतं. जुळी सरासरीने उशिरा बोलतात हे खरंच आहे. पण किती उशिरा? ब्रिटनमधले बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जुळी वीस महिन्यांच्या वयात बोलण्यात १.७ महिने मागे होती आणि तीन वर्षांची झाली तेव्हा ३.१ महिने. म्हणजे तीन वर्षांचं जुळं सरासरीने पावणेतीन वर्षांच्या मुलासारखं बोलतं. फरक एवढाच. दोन वर्षांचं पोर एका शब्दावर अडलं असेल, तर ते या हिशेबात बसत नाही.

या अभ्यासातली खरी मेख पुढेच आहे. रटर यांनी तुलना एकुलत्या एका मुलाशी केली नव्हती. ज्या घरांत दोन भावंडं पाठोपाठ जन्मली होती, तिथल्या मुलांशी केली होती. तिथेही आईला दोन लहानग्यांचं बघावं लागतच होतं. फार लवकर जन्मलेली जुळी अभ्यासातून आधीच वगळली होती. गरोदरपणातल्या आणि बाळंतपणातल्या गुंतागुंतीनेही हा उशीर उलगडला नाही. उलगडला तो आईवडील मुलांशी कसे आणि किती बोलतात यावरून. हा आईवर ठपका नव्हे. दोन दुपटी, दोन बाटल्या, एकाचा ताप उतरतो तोवर दुसऱ्याला चढलेला, आणि रात्री आळीपाळीने जागणं. गप्पा मारायला आधी हात रिकामे व्हावे लागतात. पण जिथे मूळ कारण घरातल्या धावपळीत आहे, तिथे वाट बघत बसणं हा उपाय कसा होईल?

जुळ्यांच्या आपापसातल्या बोलण्याचं ‘त्यांचं त्यांना बरोबर कळतं’ असं कौतुक तर घरोघरी ऐकू येतं. १९७७ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये ग्रेस आणि व्हर्जिनिया केनेडी या जुळ्या बहिणी वर्तमानपत्रांत गाजल्या. त्या एकमेकींना पोटो आणि काबेंगो म्हणत आणि भरभर असं काही बोलत की कुणालाच उमगत नसे. मुलींनी नवी भाषा घडवली, अशी हवा झाली. वाचा-उपचारतज्ज्ञांनी त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून उकललं तेव्हा त्यात इंग्रजी आणि जर्मन शब्दच निघाले, तोडकेमोडके आणि वेगाने उच्चारलेले. आई आणि आजी जर्मन बोलणाऱ्या, वडील इंग्रजी. मुली बहुतेक वेळ आजीच्या देखरेखीत घरातच असत आणि त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नसे. (यातून ‘घरात दोन भाषा नकोतच’ असा निष्कर्ष काढणारे निघतील. तो चुकीचा आहे. दोन भाषांमुळे मूल मुकं राहत नाही.) एकमेकींकडून त्या जे शिकल्या ते शिकवणारीलाही धड येत नव्हतं.

तर आधी कानांची तपासणी. ‘दार वाजलं की वळून बघतो’ ही काही तपासणी नव्हे. जुळी पुष्कळदा दिवस भरण्याआधी येतात, काचेच्या पेटीत राहतात, आणि अशा बाळांना कमी ऐकू येण्याचा धोका अधिक असतो. ओएई आणि बेरा या चाचण्यांत मुलाने उत्तर देण्याची गरजच नसते, त्यामुळे त्या तान्ह्या बाळाच्याही करता येतात. अशा तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. बाहेरगावच्यांनी जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून, आणि बोलण्यातला उशीर त्याच्या यादीत आहे. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करायला त्याचं पथक येतं. ते आलं की ‘आमची जुळी आहेत ना’ असं म्हणून पालकांनी स्वतःच प्रश्न निकालात काढू नये. मूल दीड महिना आधी जन्मलं असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत वयातून तेवढे दिवस वजा करावेत. दीड महिनाच, वर्ष नव्हे.

आणि घरात दोघांना थोडा वेळ तरी वेगळं करावं. एकाची आंघोळ चालू असताना दुसऱ्याला बाबांनी कडेवर घेऊन भाजीला न्यावं, वाटेत कुत्रा दाखवावा, रिक्षा दाखवावी आणि तो काही म्हणेपर्यंत थांबावं. ‘बाळांनो’ अशी सामायिक हाक कमी करून ज्याचं त्याचं नाव घ्यावं. दादाने ‘पा’ म्हटलं तर एकच पेला भरावा. धाकटा रडेल. रडू द्या थोडं, मग त्याच्याकडे बघून विचारा, ‘तुला काय हवं?’

सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. तेव्हा लसीची दोन कार्डं घेऊन जालच. सोबत दोन कागदही न्या, प्रत्येकाला येणाऱ्या शब्दांचे वेगवेगळे. दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि ‘बाबा गेले’, ‘दूध दे’ अशा जोड्या यायला हव्यात. एक कागद रिकामा असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उठू नका.